सेतू पुसतो, काय जेविलास?

आमच्या कुंभकोणात रस्त्यात कोणी भेटला की तो पुसतो, "साप्टाच्चा?" म्हणजे जेवण झालं का. याला उत्तर एकच, "आच्चु." झालं. पोटात सकाळपासून पाणी गेलेलं नसलं तरी आच्चु. पुसणाऱ्याला ऐकायचं नसतं, सांगणाऱ्याला सांगायचं नसतं, दोघे आपापल्या वाटेने जातात. एवढी सोपी गोष्ट साऱ्या गावाला कळते. कळत नाही ती फक्त आमच्या सेतूला.

सेतू थांबतो. हातातली सायकल स्टँडवर लावतो. मग म्हणतो, "काय जेविलास?"

"सांबार-भात."

"सांबारात काय होतं?"

"मुळा."

"फोडी तुझ्या पानात आल्या की पोरांच्या? वाढलं कोणी? तुझ्या आधी कोण बसला? मागून कोण?"

बँकेत काम करणारा एक तरणा माणूस असा एकदा मुळ्यात अडकला आणि त्याची तंजावरची बस गेली. तेव्हापासून लोक सेतू लांबून दिसला की "उपास! उपास!" असं ओरडत पुढे जातात. त्याचा काही उपयोग नाही. सेतू मागून ओरडतो, "उपासाला काय खाल्लंस?"

सेतूरामराव त्याचं पूर्ण नाव. तंजावरच्या राजांबरोबर इकडे आलेल्या मराठी घरांतला, माझ्यासारखाच. आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत आहे. मी विड्याच्या पानांचा व्यापार केला. शाळा तिसरीत सोडली, कारण मास्तर माझ्यापेक्षा हट्टी निघाला. मराठी लिहायला मला आईने शिकवलं, म्हणून यात कोणाला जुनाट शब्द दिसले तर त्याने ते तसेच वाचावेत. बदलायचे नाहीत.

सेतू मात्र शिकला. मॅट्रिक झाला आणि विजेचे मीटर वाचायच्या नोकरीला लागला. तिथेच बिघडलं. ज्याला लोकांच्या चुलीत डोकवायचं वेड, त्याला सरकारने प्रत्येक घरात शिरायचा परवाना दिला. आमच्याकडे मीटर दारात असो की ओसरीवर, सेतूला ते स्वैपाकघराच्या जवळच सापडायचं. एका घरची आजी एकदा कडाडली होती, "अरे, मीटर बघायला आलास की माझं सांबार बघायला?" सेतू शांतपणे म्हणाला, "मीटर बघितलं, आजी. आता सांबार."

सारी नोकरी असं करून त्याने एक विद्या कमावली. तो मला म्हणायचा, "तुळजा, मज तीन गोष्टी सांग. वय किती, बाई की बाप्या, घरात पैसा किती येतो. पानात काय पडलं ते मी सांगतो."

मी म्हणायचो, "सांग बघू." आणि तो सांगायचा. बरोबर सांगायचा, हे मला आवडायचं नाही.

दहा-बारा वर्षांची पोरं म्हणजे शेवयांसारखं ते पाकिटातलं. कॉलेजातले म्हणजे परोटा, तोही आपल्या पैशाने नव्हे. नवं लग्न झालेला पुरुष घरी थोडं खातो, कारण बाहेर खाऊन आलेला असतो आणि ते सांगता येत नाही. पन्नाशीचा माणूस बायकोसमोर भात कमी घेतो आणि ती आत गेली की पुन्हा घेतो. सत्तरीच्या पुढे सारे दही-भाताच्या गावाला जाऊन राहतात. आणि पैशाचं म्हणाल तर सेतूचा मोठाच सिद्धान्त होता. आम्ही लहान असताना नाचणीची आंबील कोण प्यायचं? शेतात राबणारे. तांदूळ कोण खायचं? मोठ्या रस्त्यावरचे सोनार-सावकार. आता राबणाऱ्याला रेशनचा पांढरा भात तिन्ही त्रिकाळ मिळतो, आणि मोठ्या रस्त्यावरच्या शेटजींना डॉक्टरने आंबील लिहून दिली आहे. ती ते तांदळाच्या तिप्पट भावाने आणतात आणि नाक दाबून पितात. शेटजींचा ड्रायव्हर बाहेर गाडीत बसून डबा उघडतो. त्यात इडल्या आणि वर ओतायचा बटाटा-मुगाचा रस्सा, आमचा कडप्पा. शेटजी वरच्या खिडकीतून बघत राहतात. "श्रीमंती म्हणजे काय, तर वासावर राहणं," सेतू म्हणायचा.

एकदा तो आमच्या ओसरीवर बसला होता. मी जेवून विडा लावत होतो. माझ्याकडून त्याने पानाचा सारा हिशोब काढून घेतला आणि मग आतल्या दाराकडे तोंड करून पुसलं, "वहिनी, तुम्ही काय जेविलात?"

आत भांड्यांचा आवाज थांबला. आमच्या अंबुजेला हे आजवर कोणी पुसलं नव्हतं. ती दारात आली. "मी? मी काय भावजी... उरलं ते."

"'उरलं ते' हे पदार्थाचं नाव नव्हे, वहिनी."

"थोडा भात होता. सांबार तळाचं."

"आणि वांग्याची भाजी?"

"ती यांना आवडते."

सेतू माझ्याकडे वळला नाही. नुसती मान हलवत बसला. मी म्हणालो, "सेतू, दुसऱ्याच्या घरची वांगी मोजू नकोस, आपल्या घरी जा." तो गेला. पण दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे भाजी निम्मी होऊन पानात यायला लागली. "संपली," असं अंबुजा तोंड वर करून सांगते. गेली कितीतरी वर्षं आमच्या घरात भाजी संपते आहे, आणि अंबुजेने अंग धरलं आहे.

आता अमावास्येचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

आमच्यात ज्याचा बाप गेला त्याने अमावास्येला भात एकदाच खायचा, दुपारी, पितरांचं झाल्यावर. सांजेला दोसा, उपमा असं काहीतरी. ज्याचा बाप जिता आहे त्याला हा नेम नाही. म्हणून त्या सांजेला गल्लीतून चाललं की वासावरून कळतं कोणाच्या डोक्यावर बाप आहे. तरण्यांच्या घरी भात, म्हाताऱ्यांच्या घरी दोसा. आणि सेतूच्या घरी? भात. वर तळलेला पापड. अठ्ठ्याहत्तरीचा बाप्या दार सताड उघडं टाकून, केळीचं पान मांडून, अमावास्येला सांजेचा भात ओरपतो. बायको गेल्यापासून स्वतः रांधतो, पण हा भात चुकवत नाही.

कोणी टोकलं की त्याचं उत्तर एकच. "माझा बाप मेला असं तुज कोणी सांगितलं?"

कोणी सांगितलं नव्हतं, हेच तर सारं दुखणं. सेतू सात-आठ वर्षांचा असताना त्याचे अप्पा पुण्याकडे निघून गेले. इथे भाताच्या गिरणीत मोजणीचं काम करायचे, ते सुटलं. कोणीतरी डोक्यात भरवलं की तिकडे सारे आपलीच भाषा बोलतात, मराठी माणसाला काम लगेच मिळतं. आपली भाषा! तिकडे ती ऐकून लोक हसतात हे तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक? पुढे मरुदानल्लूरचा एक भजनी यात्रेहून परतला. त्याला अप्पा तिकडे भेटले होते. त्याने एवढाच निरोप आणला, "बरा आहे. पण भात मिळत नाही आणि भाकरी गिळवत नाही, म्हणाला." त्यानंतर काही नाही. ना माणूस, ना निरोप. सेतूची आई कुंकू लावून जगली आणि कुंकू लावूनच गेली.

हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि आम्ही ते बोलत नव्हतो. सेतूचं चालू राहिलं असतं. पण त्याच्या नातीचं लग्न ठरलं.

सेतूचा मुलगा मुकुंद चेन्नईला असतो, मोठ्या पगारावर. मुलीचं लग्न मात्र कुंभकोणातच करायचं म्हणून आला आणि वाध्यारांना, म्हणजे आमच्या भटजींना, भेटला. लग्नाआधी पितरांना नाव घेऊन बोलवावं लागतं. वाध्यारांनी पुसलं, सेतूरावांच्या वडिलांचं नाव कोणात घ्यायचं? गेलेल्यांत घ्यायचं तर त्यांचं कर्म झालेलं नाही. दर्भाचा माणूस करून त्याला अग्नी द्या, पिंड द्या, मग मी लग्नाला बसतो. नाहीतर दुसरा वाध्यार बघा.

दुसरा वाध्यार बघितला. तो पहिल्याचा मेहुणा होता.

मुकुंद माझ्याकडे आला. "काका, तुम्ही बाबांना सांगा. मुलाकडच्यांना कळलं तर काय म्हणतील? पणजोबा हयात आहेत असं पत्रिकेत छापू का?"

मी गेलो. सेतू भाजी चिरत होता. मी सरळच म्हणालो, "सेतू, पोरीचं लग्न अडलंय. शहाण्यासारखं वाग. अप्पांना आता शंभरी होऊन गेली असती."

"असती नव्हे. झाली."

"बरं, झाली. शंभरीचा माणूस राहतो काय?"

"राहतात. तिरुविडैमरुदूरला एक आहेत." त्याने चिरायचं थांबवलं. "तुळजा, तुज काय वाटतं, मी कोणाकोणाला पुसत फिरलो? नोकरीला लागलो तेव्हा अप्पा पन्नाशीला आलेले. मी पन्नाशीच्या लोकांना पुसायचो. मग साठीच्या. मग ते सत्तरीचे झाले, मी सत्तरीच्यांना पुसलं. ते तिकडे श्रीमंत झाले की गरीबच राहिले मज काय ठाऊक? म्हणून दोन्ही घरं पुसावी लागली."

मी म्हणालो, "आणि बायकांना कशाला पुसत होतास? माझ्या घरात आग लावलीस ती?"

"पानात घालणारी बाईच असते रे. ती स्वतः काय खाते त्यावरून कळतं, घालताना तिचा हात आखडता होता की नव्हता."

 माझ्यासारखा तोंडाळ माणूस पण विळी बघत बसला. सेतू म्हणाला, "नव्वदी-पंचाण्णवपर्यंत मज सगळं ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही. गावात तेवढा म्हातारा उरला नाही. मज तिरुविडैमरुदूरला ने. आल्यावर तुम्ही म्हणाल ते ऐकेन."

आम्ही बसने गेलो. जुन्या रस्त्यावरचं घर, बाहेर रांगोळी. पुसत-पुसत पोचलो. दारात एक बाई आली, तीही सत्तरीच्या घरातली, म्हाताऱ्याची सून. सेतूने आत पाऊल टाकलं आणि सवयीने पहिल्यांदा मान वर करून मीटर बघितलं.

"बिल भरलंय!" ती बाई म्हणाली.

मी पुढे होऊन सांगितलं की आम्ही कुंभकोणचे, बिलाचे नव्हे, नुसतं तुमच्या सासऱ्यांना बघायला आलो. तिने आम्हाला खालीवर न्याहाळलं. "काही विकत नाही ना? मग बसा."

म्हातारे भिंतीला टेकून गादीवर बसले होते. हातपाय वाळल्या वेलीसारखे. डोळे उघडे, पण आमच्यावर नव्हते. ते कधी काळी मोठे जमीनदार होते, असं बाई म्हणाली. भाताची शेतं पार नदीपर्यंत. सेतूने पुसायचं ते पुसलं. "काय जेवतात?"

"जेवतात?" बाई हसली. "ऐया, ते जेवायचं विसरून गेलेत. भात पाणी-पाणी शिजवते, दुधात कालवते, गाळणीवर घासते. चमच्याने तोंडात घालते तर घास तोंडात धरून बसतात. गिळायचं असतं हेच आठवत नाही. गळ्यावरून असं बोट फिरवावं लागतं, मग उतरतो. एका वाटीला अर्धी सकाळ जाते. माझं जेवण तिसऱ्या प्रहरी, तेही गार."

सेतू उठला, मागच्या नळावर हात धुऊन आला आणि म्हाताऱ्यासमोर मांडी घालून बसला. "द्या इकडे. तुम्ही जेवून घ्या."

बाईने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "द्या. तो ऐकायचा नाही."

सेतूने चमचाभर भात भरवला. म्हाताऱ्याचे ओठ मिटले. काहीच झालं नाही. मग सेतूने एक बोट हनुवटीखाली धरलं आणि गळ्यावरून हळूहळू खाली आणलं, जसं तान्ह्या पोराला झोपवताना कपाळावरून आणतात तसं. पुन्हा आणलं. गळ्याची सुरकुतलेली गाठ वर गेली, खाली आली. सेतूने दुसरा चमचा भरला. मला वाटलं याने काहीतरी बोलावं, नेहमीसारखं डोकं खावं. तो चमचा भरत राहिला. आत त्या बाईचं जेवण झालं. ताटावर हात धुतल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा अर्धी वाटी शिल्लक होती. ती दाराला टेकून उभी राहिली. म्हणाली, "आज मी गरम रसम-भात जेवले."

निघताना तिने पुसलं, "उद्या याल काय?" थट्टेनेच पुसलं असेल. पण आम्ही रस्ता वळेपर्यंत ती दारातच उभी होती.

परतीच्या बसमध्ये सेतूच्या शेजारी एक माणूस पुडीतली चकलीसारखी मुरुक्कू खात होता. सेतूने त्याला काही पुसलं नाही. मी म्हटलं, आता हा आजारी पडणार.

बस कावेरीच्या कडेने चालली होती तेव्हा तो म्हणाला, "इतकी वर्षं मी पुसलं काय खात असतील."

"हं."

"भरवतं कोण, हे मी पुसलंच नाही."

त्याने पुढच्या सीटची दांडी धरली.

"सून कोठली त्यांना तिकडे? मी इथे. तुळजा, तिकडे कोणी नसेल तर घास तोंडातच राहिला ना?"

मी खिडकीबाहेर बघितलं. मी रडणाऱ्यातला नव्हे, आणि त्या दिवशीही रडलो नाही. बसमध्ये धूळ फार होती. स्टँडवर उतरल्यावर सेतू म्हणाला, "वाध्यारांना सांग, या म्हणून."

मग ते सारं झालं. दर्भाचा माणूस केला, त्याला अग्नी दिला. मुकुंदने चेन्नईहून रजा काढली. सेतूने काही तक्रार केली नाही, मंत्र सांगितले तसे म्हटले. फक्त पिंडाचा भात मी रांधणार, म्हणाला. वाध्यारांनी बजावलं, "सेतूराव, भात घट्ट हवा. गोळा वळला पाहिजे."

कावेरीच्या घाटावर दर्भ अंथरले, आणि सेतूने भांड्याचं झाकण काढलं. आत नुसता लगदा. पाणी-पाणी शिजवलेला, गाळणीवर घासलेला.

वाध्यार बघतच राहिले. "हे पिंड आहे की पायस?"

"म्हातारा माणूस आहे. दात कोठले?"

"पिंडाला दात लागत नाहीत, सेतूराव!"

"तुम्ही कधी भरवलं आहे काय शंभरीच्या माणसाला?"

वाध्यारांनी माझ्याकडे बघितलं, मुकुंदकडे बघितलं आणि कपाळाला हात लावून मंत्र सुरू केला. सेतूने भात ओंजळीत घेतला. गोळा काही वळेना. दर्भावर ठेवला तसा तो पसरला आणि पातींमधून खाली उतरायला लागला. सेतूने तो बोटांनी कडेकडेने पुन्हा आत घेतला, आई पोराच्या हनुवटीवर सांडलेलं पुन्हा तोंडात घालते तसा. मग एक बोट त्यावर ठेवून हळूहळू खाली आणलं. पुन्हा आणलं.

वाध्यारांना दुसरीकडे जायचं होतं. "झालं," ते म्हणाले, "पुढचा घ्या."

सेतूने मान वर केली नाही.

"थांबा," तो म्हणाला. "घास उतरू दे."

आम्ही थांबलो.